कार्डात राहिलेली माणसं

१ डिसेंबर, सोमवार

पोचले! कराडहून निघताना आईने लाडू, औषधं आणि स्वतःची सगळी काळजी एकाच पिशवीत कोंबली होती. पिशवीचा बंद रोहा स्टेशनावर तुटला. लाडू प्लॅटफॉर्मभर घरंगळले आणि एका कुत्र्याने माझं पहिलं स्वागत केलं. रिक्षावाला हसून हसून बेजार. कुंडलिका नदीचा पूल ओलांडून त्याने पलीकडच्या अष्टमी गावात दारापर्यंत सोडलं.

घरमालकीण डेबोरा अष्टमकर, सगळ्यांची मावशी. सत्तरीच्या पुढची, सुती साडी, कानात बारीक कुड्या. ज्यू माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला, आणि ती हुबेहूब माझ्या आत्यासारखी निघाली. नळाला पाणी नव्हतं म्हणून आल्या आल्या तिच्या तोंडून ज्या शिव्या ऐकल्या, तेवढ्या मात्र आत्याला येत नाहीत. दाराच्या चौकटीला प्रार्थनेची एक छोटी तिरकी डबी ठोकलेली आहे. आत-बाहेर करताना मावशी तिला बोटं लावते आणि ती बोटं ओठांना. आमचे सगळे इस्रायलला गेले, मी एकटीच राह्यले, असं सहज सांगितलं आणि वालाचं बिरडं वाढलं. मी दोनदा मागून घेतलं.

खोलीला दोन खिडक्या, एकीतून नदीचा तुकडा दिसतो. मी इथे खूश राहणार आहे.

३ डिसेंबर, बुधवार

ज्या नोकरीसाठी आले तो फोटो स्टुडिओ रोह्याच्या बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर. मालक प्रणितदादा. लग्नसराई जोरात, त्यामुळे तो कार्यालयांत पळतोय आणि मागे दुकानाचा सगळा डेटा माझ्या ताब्यात. डेटाची अवस्था बघून मला चक्कर यायची राहिली. एका लग्नाचे फोटो फक्त कॅमेऱ्याच्या कार्डावर, दुसरीकडे कुठेही नाहीत. विचारलं तर म्हणाला, गेलं का कधी काय?

आजपासून माझे नियम. कार्ड आलं की आधी त्याच्या कडेचं बारीक बटण लॉकवर सारायचं, म्हणजे चुकून काही पुसलं जात नाही. मग कॉपी करायचं, कट कधीच करायचं नाही. कॉम्प्युटरवर एक प्रत, बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी, आणि ती डिस्क रात्री दुकानात ठेवायची नाही. अधूनमधून फोटो उघडून मोठे करून बघायचे, कारण नुसतं नाव दिसलं म्हणजे फोटो असतोच असं नाही. एवढं झाल्यावरच कार्ड फॉरमॅट, तेही कॅमेऱ्यात घालून.

प्रणितदादा म्हणाला, "तू लय शिस्तीची हायस. बँकेत जायला पायजे होतीस."

७ डिसेंबर, रविवार

घर माणसांनी भरून गेलंय. मावशीचे थोरले भाऊ सॅम्युएलकाका इस्रायलच्या अश्दोदहून आले आहेत, सोबत मुलगा आरोन, सून मिरियम आणि सात वर्षांची नात शीरा. महिनाभर राहणार आहेत. काकांचं ऑपरेशन चांगलं पार पडलं म्हणून मावशीने मलिद्याचा नवस बोलला होता, तो आज झाला. पेण आणि ठाण्याहूनही नातलग आले. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर रचलेली फळं आणि एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताचं गाणं. गाण्याचे शब्द कळले नाहीत, पण काकांचा आवाज शेवटी कापला तेव्हा माझेही डोळे भरले.

दुकानातली सगळी कार्डं लग्नांत अडकलेली. प्रणितदादाने ड्रॉवरच्या तळातून एक जुनं काढून दिलं. पुसून घातलं, चाललं.

मावशीची फर्माईश, "घरातल्यांचे एकेकट्याचे काढ गो. भिंतीवर लावीन. घोळक्यात कुणाचं तोंड धड दिसत नाय." म्हणून निळ्या दारासमोर एकेकाला उभं करून डोक्यापासून पायापर्यंत काढले. काका, आरोनदादा, मिरियमताई, शीरा, मावशी. शेवटी शीराने कॅमेरा हिसकावून घेतला आणि माझाच काढला, मलिद्याची ताटली दोन्ही हातांत धरलेली. कॅमेरा तिच्या तोंडापेक्षा मोठा.

८ डिसेंबर, सोमवार

कॉपी चालू असताना लाईट गेली. दुकानाच्या यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, हे मला आज कळलं. मशीन धाडकन बंद.

लाईट आल्यावर बघितलं तर मलिद्याचे फोटो सगळे नीट आलेत. एकेकट्यांपैकी पहिलाच, काकांचा, अर्धवट उतरला आहे. कमरेपर्यंत काका, पट्ट्याखाली सपाट करडं, पडदा सोडल्यासारखं. पुढचे आलेच नाहीत. कार्ड पुन्हा लावलं तर वाचता येत नाही म्हणतंय.

घाबरायचं कारण नाही. मूळ फोटो कार्डावर आहेत, मी काही पुसलेलं नाही. कार्ड बाजूला ठेवलंय. उद्या शांतपणे बघते.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी काकांना बिछान्यातून उठता येईना. कमरेखाली काहीच कळत नाही म्हणाले. मिरियमताईने तळव्याला चिमटा काढला, काका तिच्याकडे बघत राहिले, कधी काढतेस अशा नजरेने. आरोनदादाने आणि मी त्यांना खुर्चीत बसवून रिक्षापर्यंत नेलं. दवाखान्यात एक्सरे, मग एमआरआय. मणक्यात काही दोष नाही. डॉक्टर पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, दोष नाही.

मावशी जेवली नाही. शीरा मला विचारत होती, आजोबांचे पाय झोपलेत का. मी हो म्हटलं.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी दुकानात बिघडलेल्या कार्डातले फोटो काढायचा प्रोग्राम लावला. मावशीला निदान हे तरी हातात द्यावं, एवढंच मनात होतं. बराच वेळ घरघर करून त्याने एक फोटो काढला. आरोनदादाचा. सगळा छान, कपाळ, हसू, बुटांच्या नाड्यासुद्धा. फक्त डोळ्यांवरून एक करडी पट्टी आडवी गेलेली, वर्तमानपत्रात ओळख लपवायला मारतात तशी.

दुपारी मिरियमताईचा फोन. तिचं मराठी तुटक आहे, आणि आज तर शब्दच सापडत नव्हते. आरोन दवाखान्याच्या पॅसेजमध्ये चहा घेऊन येत होता. मधेच थांबला. कप सोडला. लाईट गेली का, म्हणाला.

भर दुपारी.

मी फोन ठेवला आणि स्क्रीनकडे बघितलं. फोटो उघडाच होता. मग काकांचा उघडला. दोन्ही शेजारी शेजारी लावले.

योगायोग आहे, असं मोठ्याने म्हणून बघितलं. दुकानात कुणी नव्हतं. पटलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

प्रणितदादाला सगळं सांगितलं. आधी हसला. दोन्ही फोटो दाखवले तेव्हाही म्हणाला, जुन्या कार्डाचं असंच होतं. मग काका आणि आरोनदादा आज कोणत्या वॉर्डात आहेत ते सांगितलं. हसणं थांबलं.

तो उठला, रीडरमधून कार्ड उपसलं आणि दोन बोटांत वाकवायला लागला. "मोडून टाकतो, कटकट नको." मी त्याच्या मनगटाला अक्षरशः चावले. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. अजून चौघींचे फोटो त्यात आहेत, एवढंच डोक्यात होतं.

मनगट चोळत तो खाली बसला. म्हणाला, तुझ्या आधी दुकानात कामाला होता तो मुलगा, गणेश, असंच काहीतरी बोलायचा. त्यानेच हे कार्ड परत देताना सांगितलं होतं की मोडून टाक, यात आता कुणी नाही. प्रणितदादाला वाटलं डोकं फिरलं त्याचं. चांगलं कार्ड कशाला फेकायचं म्हणून ठेवून दिलं.

गणेश आता पेणला असतो. रामवाडीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळच्या गाडीने पेण. कार्ड छोट्या डबीत, डबी मुठीत. कासू स्टेशनला समोर एक बाई मूल घेऊन बसली, मूल माझ्या मुठीकडे हात करायला लागलं. मी जागा बदलली.

गणेशने डबी उघडल्यावर कार्डाला हात लावला नाही. नुसतं झाकण लावलं आणि विचारलं, किती जण आहेत अजून. मी सांगितलं. तो मला आतल्या खोलीत घेऊन गेला.

त्याचा भाऊ प्रविण खुर्चीत बसला होता. वय माझ्याएवढंच. अंगाचा रंग निळसर, नखं, ओठ, डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा. चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा चांगली बोटभर खाली. झटका आलेल्या माणसाची उतरते तशी नाही. नाकाच्या मधोमध सरळ रेघ, आणि रेघेपलीकडचा चेहरा खाली सरकवून ठेवलेला. मी त्याला नमस्कार केला. त्याने केला. काय करणार आणखी.

गणेशने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. हे कार्ड कधी बिघडेल सांगता येत नाही, पण बिघडलं की त्यात जो माणूस असतो तो जसा बाहेर येईल तसाच राहतो. पूर्ण आला तर त्याला काही होत नाही. मोडका आला तर मोडका. एकदा मोडका आलेला दुरुस्त होत नाही, त्याने प्रविणचा फोटो पुन्हा पुन्हा काढून बघितला होता, आणि चेहरा दर वेळी थोडा खाली गेला.

मी म्हटलं, मग राहू देते आतच.

"नाय राहत, ताई. कार्ड मरत असतंय. यादीतनं एकेक नाव जातंय. नाव गेलं की माणूस गेला."

कोण गेलं होतं ते मी विचारलं नाही. भिंतीवर त्याच्या आईच्या फोटोला हार होता.

त्याने पेनड्राईव्हवर एक प्रोग्राम दिला. यात एक फोटो निवडता येतो आणि तो वरून खाली, ओळ ओळ उतरतो. एका वेळी एकच काढ, मधे कार्ड गार होऊ दे, आणि लॅपटॉप चार्ज करून घे. त्याला विनवलं, तूच काढून दे. त्याने दोन्ही हात समोर धरून दाखवले. थरथरत होते.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळपासून लॅपटॉपसमोर बसून आहे. यादी उघडली. चार नावं उरलीत, काढले त्या क्रमाने. मिरियमताई, शीरा, मावशी, मी.

बटण दाबलं जात नाही. काकांचे पाय असेच गेले, आरोनदादाचे डोळे असेच गेले, दोन्ही वेळा बटण मी दाबलं होतं. शीराचा फोटो मधेच थांबला तर? गळ्याशी थांबला तर?

दुसरं कार्ड रीडर आणते बाजारातून. चांगलं रीडर असेल तर कदाचित — हो, आधी तेच.

दुपार

रीडर आणलं. यादी उघडली.

तीन नावं.

पुन्हा लावलं. तीनच. मिरियमताईचं नाही.

तिला फोन करत होते तर उचलत नव्हती. मग नर्सने उचलला. मिरियमताई काकांच्या पलंगाशेजारी खुर्चीत बसली होती, मान टेकून. झोपली असेल म्हणून कुणी उठवलं नाही.

मी रीडर आणायला गेले होते. सकाळी तिचं नाव होतं. मी रीडर आणायला गेले होते.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी दफनाला नेलं तिला. आरोनदादा एका नातलगाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. पायरी आली की तो नातलग सांगायचा, पायरी. गल्ली संपेपर्यंत ऐकू येत होतं. पायरी. दगड. पायरी.

मावशी शीराला घेऊन मागे राहिली. मी सगळं सांगितलं. कार्ड, गणेश, काल सकाळ, सगळं. काल दुपारपासून कार्डाला हात लावायचा धीर झाला नाही, तेही. वाटलं होतं ओरडेल, घराबाहेर काढेल. मला तेच हवं होतं.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "पोरीचा काढ आधी."

मी म्हटलं, कार्ड किती वेळ टिकेल माहीत नाही.

"म्हणूनच सांगते गो. माझं काय, माझं बघून झालंय सगळं. पोरीचा काढ."

दारापर्यंत जाऊन वळली. "तुझा नाय ना त्यात?"

मी नाही म्हटलं.

दुपार

शीराचा लावला आहे. मावशी तिला मांडीवर घेऊन पलीकडच्या खोलीत. इथून दिसतात.

केस. दाराची निळी चौकट. कपाळ. हळू — फार हळू —

डोळे आले. दोन्ही.

पडलेल्या दाताची फट. आली. हनुवटी.

थांबलं.

देवा. कोणताही. मावशीचा, माझा, कुणीही असेल तो —

चाललं. गळा आला. फ्रॉकचे खिसे. हात. बोटं मोजली. आहेत.

गुडघे. मोजे. सँडल. पायाखालची फरशी, शेवटच्या ओळीपर्यंत.

पूर्ण!! दोन डिस्कवर कॉपी केला. दोन्हीकडून उघडून बघितला. शीरा पलीकडे बिस्किट मागत्येय. मी हुंदके देऊन रडले, तिने येऊन माझं तोंड बघितलं आणि तिचं बिस्किट मला दिलं.

नंतर

कार्ड हात लावू देत नाही इतकं तापलंय. फॅनखाली ठेवलं. थांबता येत नाही फार, काल थांबले होते.

दोन नावं. मावशी आणि मी.

एक क्षण माझ्या नावावर बोट गेलं होतं. लिहून ठेवते. गेलं होतं.

मावशीचा लावला.

कुड्या आल्या. चेहरा आला. चष्मा. मधे तीनदा थांबलं, मी टेबल धरून उभी. पदर. हात. साडीचा काठ. चप्पल —

खाली उजव्या कोपऱ्यात करडं. पण ते दाराच्या उंबऱ्यावर. मावशीवर नाही. पुन्हा मोठं करून बघितलं. मावशी सगळी आहे.

हाक मारली तर "काय गो" म्हणाली. चिडून. किती छान चिडली.

नंतर

माझा.

आईला फोन लावला. काही नाही, सहज, म्हटलं. जेवलीस का विचारलं तिने. हो म्हटलं. लाडू पाठवते म्हणाली परत.

रीडरचा दिवा मिणमिणतोय. यादीत नाव कधी दिसतं, कधी नाही. आता लावलं नाही तर —

लावलं.

काही येत नाही.

केस. भांग. शीराने तिरका काढलाय, मान कलती आहे. कपाळ —

डोळे. दिसतंय. मला दिसतंय सगळं. लिहीत राहते, लिहिता येतंय तोवर सगळं ठीक आहे.

नाक. ओठ. हसतेय मी. किती मोठ्याने हसत होते त्या दिवशी.

गळा आला. श्वास घेऊन बघितला.

मावशी दारात आली आहे. स्क्रीनवर माझा चेहरा बघितला तिने. खोटं का बोललीस म्हणतेय. माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिचा हात डोक्यावर आहे माझ्या.

डावा खांदा. उजवा खांदा. दंड —

थांबलं.

थांबलंय अजून. रीडरचा दिवा गेला. नाही, आहे, बारीक आहे. उजव्या कोपराला मुंग्या आल्यात. फार लिहिलं म्हणून. ताटली धरलेली आहे मी फोटोत, ताटली दिसली की हात दिसेल, एवढं आलं की झालं. ओळ हलली, हलली मावशी, बघ, मनगट येतंय, त्याच्याखाली करडं नाही ते, सावली आहे, बोटं अजून पेन धरून आहेत, मला दिसतायत, फक्त कळत ना